अक्षरी रुपये

१

केळीचे व्यापारी चुडामणभाऊ, त्यांच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर बसला, तेव्हा पहिलं भांडण झालं ते स्वल्पविरामावरून.

तृप्तीनं लिहिलेला प्रोग्राम गाडीचं वजन घ्यायचा, भावानं गुणायचा आणि पावती छापायचा. पहिल्याच पावतीवर २४५,३०० असा आकडा आला. चुडामणभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून कागद हातभर लांब धरला.

"बेटा, हा कॉमा कुठं मारला? दोन लाख आहेत की दोनशे, काय समजायचं माणसानं?"

चूक तृप्तीचीच होती. आकडा रुपयांत दाखवायचा तर कोणत्या देशाच्या पद्धतीनं, हे प्रोग्रामला आधी सांगावं लागतं. ती ओळ राहून गेली होती. ती लिहिल्यावर स्वल्पविराम सरकून जागेवर बसला, २,४५,३००. मग रुपयाचं चिन्ह नडलं. पडद्यावर ते झकास दिसायचं, पण पावतीच्या छोट्या प्रिंटरला ते ठाऊकच नव्हतं, तो त्या जागी रिकामा चौकोन छापायचा. तिनं सरळ 'रु.' लिहून टाकलं. पैसे काट्यावर कोणी धरत नाही, म्हणून रक्कम पूर्ण रुपयात आणली. शेवटी चेकवर लिहितात तशी खाली एक ओळ जोडली, 'अक्षरी रुपये'.

तृप्ती मूळची निंबोल्याची, शेतकऱ्याच्या घरची. इंदूरला चार वर्षं नोकरी करून कंटाळली आणि परत आली. बुऱ्हाणपुरात, राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका कापडाच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन ती व्यापाऱ्यांना असले प्रोग्राम करून द्यायची. डोकं थंड, हात नेटका. जे कळत नाही ते पुन्हा करून पाहायचं, म्हणजे कळतं, यावर तिचा भरवसा होता.

अक्षरी ओळ छापून आली त्या दिवशी भागाबाई काट्यावर होती. निंबोल्याचीच, पाच एकर केळी एकटीनं सांभाळणारी बाई, पण अक्षराशी आयुष्यात गाठ पडलेली नाही. तिनं पावती उलटसुलट केली.

"लिहिलं तं लिहिलं व माय. मले काय उपेग त्याचा? बोलून दाखवत नाही का तुझं मशीन?"

तृप्तीला ते पटलं. बोलून का दाखवू नये?

२

आवाजासाठी तिला दुसरं कोणी सुचलंच नाही. सिंधूमावशी नेपानगरला राहायची. तिचे यजमान रघुनाथकाका, त्यांची सारी नोकरी तिथल्या कागदाच्या गिरणीत गेली होती, आणि मावशीची एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेण्यात. निवृत्त झाली तरी आवाज तसाच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

मराठीत शंभरापर्यंतच्या प्रत्येक आकड्याला वेगळं नाव. वीस आणि तीन जोडून तेवीस होत नाही, तेवीस म्हणून वेगळंच म्हणावं लागतं. म्हणजे एक ते नव्याण्णव सगळे शब्द हवेत. वर शंभर, शे, हजार, लाख, रुपये आणि फक्त. एकूण एकशे पाच शब्द. एका शब्दाची एक फाईल. प्रोग्राम रकमेप्रमाणे फायली उचलणार आणि ओळीनं वाजवणार.

दुपारी मागच्या खोलीत, खिडकीला चादर लावून दोघी बसल्या. मावशी ताठ बसून एकेक शब्द म्हणायची, तृप्ती बोटानं खूण करायची, मग पुढचा. तेवीसच्या वेळी गिरणीचा भोंगा झाला. तो शब्दामागं बारीक उमटला. "राहू दे, एवढं कोण ऐकतंय," मावशी म्हणाली. सहासष्ट झालं आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मावशी धावली. परत आली, पदराला हात पुसले, चहा झाला, आणि मग मोजणी पुढं सुरू झाली.

"आता माझा आवाज रोज बाजारात जाणार म्हण," मावशी हसून म्हणाली.

"तू घरीच राहा. आवाज जाईल तो," काका म्हणाले.

३

काट्यावर लोखंडी खांबाला स्पीकर टांगला. गाडी उतरली की मावशीचा आवाज यायचा, "अठ्ठावन्न हजार तीनशे सोळा रुपये फक्त." गडी काम थांबवून ऐकायचे. भागाबाई तर 'फक्त' शब्द ऐकल्याशिवाय जागची हलायची नाही.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका व्यापाऱ्यासाठी तृप्ती तोच प्रोग्राम तयार करत होती. फायली मोजल्या तर एकशे चार भरल्या.

सदुसष्टची फाईल नव्हती. दूध उतू गेलं तेव्हाची गडबड. चहानंतर त्यांनी थेट अडुसष्टपासून धरलं होतं.

हे तिला नीट कळलं, पटलंही, आणि मग आठवलं की सदुसष्ट तिनं काट्यावर ऐकलं आहे. भागाबाईच्याच पावतीला. चोवीस हजार सातशे सदुसष्ट.

फाईल सापडली नाही तर तेवढा शब्द गाळून पुढं जायचं, असं तिनंच प्रोग्रामात लिहिलं होतं. म्हणजे मशीन 'चोवीस हजार सातशे रुपये फक्त' म्हणालं असणार आणि मधला शब्द आपल्या कानानं भरून घेतला असणार. कान अशा लबाड्या करतो. खोलीतल्या लॅपटॉपवर तिनं तीच रक्कम टाकून पाहिली. सातशेच्या पुढं एक छोटी पोकळी, मग रुपये. बरोबर.

तरी संध्याकाळी निंबोल्याला गेली, तेव्हा भागाबाईच्या ओट्यावर थांबलीच.

"भागाबाई, मागच्या पावतीला काय म्हटलं होतं हो मशीननं? शेवटी?"

"सातशे सदुसष्ट," भागाबाई ताडकन म्हणाली. "माह्या बोटावर मोजून राहिली होती मी. काहून? चुकली का ती बाई?"

"नाही," तृप्ती म्हणाली.

४

रविवारी ती नेपानगरला गेली. एक शब्द राहिला आहे, तेवढा घ्यायचा, बाकी काही नाही, असं स्वतःला सांगत गेली.

मावशीनं आनंदानं गळा खाकरला. "साठापासून धरते, म्हणजे ओघ येतो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर..."

"मावशी, मधलं."

"कुठलं मधलं?"

"सहासष्ट आणि अडुसष्टच्या मधलं."

मावशीनं तोंड उघडलं आणि ती थांबली. गाडी चुकल्यावर रुळांकडे बघावं तसं तिनं समोर पाहिलं.

"सदुसष्ट म्हण," तृप्ती म्हणाली.

मावशीनं तिच्या ओठांकडे बघितलं. स्वतःचे ओठ तसे करून पाहिले. नुसती हवा आली.

काकांनी पेपर खाली घेतला. "महिनाभर झाला, हे एवढंच अडतंय. माझी तर अख्ख्या गावाची नावं अडतात. वय झालं, दुसरं काय."

मावशीही हसली. तृप्ती शब्द न घेता परतली. बसमध्ये तिनं मनाशी हिशेब मांडला. म्हाताऱ्या माणसाचा एक शब्द हरवला. एका फाईलची नोंद राहिली. दोन्हींत आकडा एकच आला, एवढाच योगायोग. नव्याण्णवांतला एक. असे योगायोग होतात.

५

पण जे कळत नाही ते पुन्हा करून पाहायचं, ही तिची जुनी खोड. पुढच्या बुधवारी दुपारी साडेबाराला, जेवायची सुट्टी झाल्यावर, ती काट्यावर गेली. केबिनमध्ये कोणी नव्हतं. बाहेर ट्रकच्या सावलीत गडी झोपले होते.

तिनं काट्याच्या कॉम्प्युटरवरून तेवीसची फाईल काढून पेन ड्राईव्हवर घेतली, तिथं ठेवलीच नाही. तेवीसच का, तर मागचा भोंगा. कुठूनही वाजली तरी ती ओळखू आली असती. मग रक्कम टाकली, तेवीस हजार. एंटर.

"तेवीस हजार रुपये फक्त," स्पीकर म्हणाला.

भोंगा नव्हता.

केबिनमधला पंखा फिरत होता. तिनं पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. शब्द स्वच्छ होता, जवळून म्हटल्यासारखा. रुपये म्हणण्याआधी बारीकसा श्वास घेतल्याचंही ऐकू येत होतं. तो श्वास एकाही फाईलमध्ये नव्हता. श्वास तिनं स्वतः कापून काढले होते.

तिनं फाईल होती तिथं परत ठेवली. भोंगा काही परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला.

"सहज केला. अगं, काल ही पेपर वाचून दाखवत होती. तारीख आली आणि अडली. आता तेवीसही येत नाही."

"किती वाजता, काका?"

"वाजता म्हणजे... जेवायला बसायच्या आधी. साडेबारा असतील. का?"

तृप्तीनं 'सहज' म्हटलं. फोन ठेवला आणि बराच वेळ ती आपल्या हाताकडे बघत बसली. सदुसष्ट आपल्या नकळत गेलं होतं. तेवीस आपण नेलं.

तिनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांना मात्र मावशीला दाखवलं. त्यांनी फोटो काढायला लावले. मेंदूत एक लहानसा डाग दिसतो म्हणाले, असे सुटे सुटे शब्द जाऊ शकतात म्हणाले. तृप्तीला इतकं हलकं वाटलं की तिनं गोळ्या दोन महिन्यांच्या एकदम घेतल्या. पुन्हा कुठल्याही फाईलला हात लावायचा नाही, एवढं तिनं ठरवलं.

६

हात तिनं लावला नाही. दसऱ्याच्या आधी काट्याचा कॉम्प्युटर फार हळू चालू लागला, म्हणून चुडामणभाऊंनी बाजारातल्या एका कारागिराकडून तो पुसून नवा करून घेतला. तृप्तीला ते चार दिवसांनी, दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा कळलं.

"सगळं उडवलं का, भाऊ?"

"सगळं. फॉरमॅट मारला ना त्यानं. मग तुझ्या वेबसाईटवरून प्रोग्राम परत टाकला. हिसाब सगळा बरोबर आहे, टेन्शन नको घेऊ."

वेबसाईटवरून नुसता प्रोग्राम उतरायचा. आवाजाच्या फायली ती स्वतः नेऊन टाकायची.

"आणि आवाज?" तिनं विचारलं. "आवाज बंद असेल मग."

"आवाज? चालू आहे की. पहिल्यापेक्षा साफ येऊन राहिला आता. थांब, ऐक."

फोनमधून आधी ट्रकचं इंजिन ऐकू आलं, मग एका गड्याची हाक, आणि मग शांत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. "एकाहत्तर हजार नऊशे पाच रुपये फक्त."

तृप्तीनं पेन ड्राईव्ह घेतला, जाता जाता काट्यावर एकशे चारही फायली परत घातल्या, आणि तशीच नेपानगरची बस धरली. फायलींचा उपयोग होणार नाही हे तिला घालतानाच कळत होतं.

७

मावशी अंगणात खुर्चीवर बसली होती. ऊन पायापर्यंत आलं होतं. काका शेजारी स्टूल घेऊन बसले होते, हातात पाण्याचा पेला.

"चार दिवस झाले, आवाज फुटत नाही," काका हळूच म्हणाले. "तुला काय कळवायचं, तू कामात. पण प्रयत्न करते बघ. सकाळी दहा वाजले की सुरू करते, ते संध्याकाळपर्यंत. मी बसतो जवळ. म्हटलं, एखादा शब्द निघालाच तर ऐकायला कोणी हवं."

मावशीचे ओठ हलत होते. डोळे समोरच्या भिंतीवर, कोरे. ओठ हलायचे, थांबायचे, मिनिट दोन मिनिटं बंद राहायचे, पुन्हा हलायचे. दर वेळी शेवट एकसारखा. खालचा ओठ दातांना हलकेच लागायचा आणि तोंड मिटायचं.

तृप्तीनं मोबाईल काढला. काट्यावरच्या पावत्या तिला मोबाईलवर लगेच दिसायच्या. ओठ हलले, मिटले. दोनेक सेकंदांनी पडद्यावर ओळ आली, ४४,०१२. पुन्हा ओठ हलले, या वेळी जास्त वेळ. पडद्यावर १,३६,५८०. पावती उमटायच्या आधी ओठ मिटलेले असायचे. सहा पावत्या तिनं अशा पाहिल्या. सातवीला तिनं पडदा झाकून घेतला आणि नुसत्या ओठांवरून रक्कम मनात धरली. बोट काढलं. बरोबर होती.

तिनं चुडामणभाऊंना फोन लावला.

"भाऊ, स्पीकरची वायर काढा. आत्ता."

"अगं, काट्यावर गाडी आहे..."

"काढा, भाऊ."

मावशीचे ओठ चालले होते. एक लाख. बारा हजार. आणि तिथंच थांबले. तोंड उघडं राहिलं. छाती वर उचललेली होती, ती खाली आली नाही.

"सिंधू?" काका म्हणाले. त्यांनी पेला ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून पदरावर गेलं. "सिंधू, गिळ. अगं, श्वास सोड."

तृप्ती मोजत होती. हे तिला नंतर आठवलं तेव्हा लाज वाटली. ती मनात सेकंद मोजत होती. वीस. तीस. मावशीचा चेहरा आधी लाल झाला, मग काळसर. डोळे तसेच भिंतीवर.

"काढली बरं का," फोनमध्ये चुडामणभाऊ म्हणाले. "पण लोकं ओरडून राहिले इथं. लावू का परत?"

काका तृप्तीकडे बघत होते, ती काही करेल म्हणून.

"लावा," ती म्हणाली.

ओठ हलले. सहाशे चाळीस रुपये फक्त. तोंड मिटलं, छाती खाली आली आणि मावशी खोकली.

"ठसका लागला," काका म्हणाले आणि पदराचं टोक पिळू लागले. "ठसकाच होता ना गं?"

८

रविवारी काटा बंद असायचा. मावशी रविवारी उठायची नाही. डोळे उघडे, अंग थंड, पाणी घशाखाली उतरायचं नाही. डॉक्टरांना नाडी बऱ्याच वेळानं सापडली. अशक्तपणा लिहून ते गेले. सोमवारी दहाला पहिली गाडी काट्यावर चढली की ती श्वास घ्यायची आणि हातानं पाणी मागायची. एक दिवस ती कसाबसा काढायची. दिवाळीला काटा पाच दिवस बंद राहणार होता.

तृप्तीनं काट्याच्या किल्ल्या मागून घेतल्या. "प्रोग्रामचं काम आहे," ती म्हणाली. चुडामणभाऊ म्हणाले, सणाचे दिवस आहेत बेटा. मग किल्ल्या दिल्या.

धनत्रयोदशीला सकाळी दहाला तिनं केबिन उघडली. आवारात वाळलेली केळीची पानं आणि दोन कुत्री, दुसरं कोणी नव्हतं. तिनं रक्कम टाकली. आवारभर आवाज गेला. थोड्या वेळानं काकांचा फोन आला, चहा घेतला म्हणून. आकडे आपोआप टाकत राहील असा प्रोग्राम लिहायला तिला दहा मिनिटं लागली असती. तिनं लिहिला नाही. हातानं टाकलं तर थांबवणं हातात राहतं, असं तिला वाटलं. दर दोन मिनिटांनी एक रक्कम. पहिल्या दिवशी छोट्या टाकल्या. मग लक्षात आलं की रक्कम जितकी लांब, तितका मावशीचा चेहरा तरतरीत राहतो, काका फोनवर तसं सांगायचे. मग ती लांबातल्या लांब रकमा शोधून टाकू लागली. संध्याकाळी सहाला कुलूप लावायची. घरी आईनं विचारलं तर काम आहे म्हणायची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी गावाकडून फटाके ऐकू येत होते. तृप्तीनं रक्कम टाकली. त्र्याण्णव लाख अठ्ठ्याऐंशी हजार सातशे एकोणऐंशी रुपये फक्त. तिनं पाण्याची बाटली उचलली. पुढची रक्कम अजून टाकली नव्हती.

"बस," स्पीकर म्हणाला.

त्यानंतर काही आलं नाही. खांबावरचा स्पीकर उन्हात लटकत होता. बाटलीचं झाकण तिच्या हातात होतं.

पाच मिनिटांनी फोन वाजला. काका घाईघाईनं बोलत होते.

"तृप्ती, अगं बोलली! एकच शब्द, पण स्पष्ट, आवाज फुटून. ताटावर बसवलं होतं, दुसरी पोळी वाढत होतो. 'बस' म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघितलं तिनं. आता काय करू? पुढं काही विचारू का तिला?"

तृप्तीनं बाटलीला झाकण लावलं. काका वाट बघत होते. त्यांच्या मागं भांड्याचा आवाज झाला.

"ऐकतेस ना?"

"हो," ती म्हणाली. "पोळी नको असेल, काका. थोडा भात वाढून बघा."

फोन ठेवून तिनं पुढची रक्कम टाकली.